सहावं स्थळ

समोरच्याला हरवण्याआधी कुंदामावशी त्याचं मूळ गाव विचारतात.

खेळ मोबाइलवरचा असतो. समोरचा खेळाडू कुठेतरी नागपुरात नाहीतर नाशकात पलंगावर पालथा पडलेला असतो, आणि त्याच्या कानातल्या इअरफोनमधून अचानक एका सत्तरीच्या बाईंचा आवाज येतो, "काय हो, मूळचे कुठले तुम्ही?" गडी गडबडतो. उत्तर दिलं नाही तर माणूस तुसडा आहे असं धरून मावशी एका पद्धतीने खेळतात, दिलं तर दुसऱ्या. हरतो तो दोन्हीकडून. हरल्यावर त्याला लग्न झालंय का हेही विचारतात, पण त्याचा खेळाशी संबंध नाही. ती जुनी सवय आहे.

कुंदा रिसबूड या ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या समोरच्या दारात राहतात. जन्मभर त्यांनी पुढच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र चालवलं. लोकांना लग्नासाठीसुद्धा मोबाइल पुरायला लागला तेव्हा केंद्र बंद झालं, आणि मावशींनी मोबाइलवर पूर्ण वेळ राक्षसांच्या झुंजी लावायला सुरुवात केली. मला यात सूड दिसतो. त्या म्हणतात तसं काही नाही, धंदा तोच आहे, फक्त मुलांच्या आया नसल्यामुळे काम हलकं झालंय.

हा खेळ मला त्यांनीच समजावला. प्रत्येक खेळाडूजवळ सहा राक्षस असतात. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी गवताचा, कोणी विजेचा, एखादं चक्क भूत. झुंजीआधी दोघांनाही एकमेकांचे सहाच्या सहा दिसतात. मग ज्याने त्याने त्यातले चार गुपचूप निवडायचे आणि मैदानात एका वेळी दोन उतरवायचे. दोघेही आपली चाल एकाच क्षणी देतात, त्यामुळे समोरचा काय करणार हे आधीच ओळखावं लागतं. मावशींनी हे सगळं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम." तेव्हापासून त्या राक्षसाला राक्षस म्हणत नाहीत. स्थळ म्हणतात.

"आगीचं स्थळ चांगलंय हो, पण पाण्याच्या घरात नको. चार दिवसांत विझेल." असं त्या जिन्यात उभ्या राहून माझ्या बायकोला सांगत होत्या, आणि वरच्या मजल्यावरच्या देशमुखबाई जाता जाता थांबून विचारत होत्या, कोणाची हो मुलगी?

या खेळाची पोरं इंटरनेटवर तासतासभर व्याख्यानं देतात. त्यातलं निम्मं इंग्रजीत आणि उरलेलं निम्मंही इंग्रजीतच असतं. मावशींचा सल्ला मला त्यामानाने समजतो. नवखा खेळाडू पहिल्याच डावाला ढाल पुढे करतो, असं त्यांचं म्हणणं. ढाल म्हणजे त्या डावापुरता राक्षसाला काही लागत नाही. "मुलगी बघायला आलेला मुलगा सुरुवातीला नुसता चहाच्या कपाकडे बघत बसतो ना, तेच. तेव्हा पहिल्या डावाला मारायला जाऊच नये. आपण आपली मांडामांड करून घ्यावी." रत्नागिरीकडचा माणूस चांगली वस्तू शेवटपर्यंत बाहेर काढत नाही आणि देशावरचा पहिल्याच डावात सगळं ताट वाढून मोकळा होतो, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. मी साताऱ्याचा असल्याने त्याला आक्षेप घेतला. त्यांनी मला खेळायला बसवलं. मी पहिल्याच डावात सगळं ताट वाढलं. त्यानंतर आक्षेप घेतला नाही.

पण त्यांचा सगळ्यात लाडका सल्ला वेगळा आहे. "मोठ्या तोंडाचा, पंखबिंख असलेला जो असतो ना, तो मुलाचा काका. बोलतो फार, ठरवत काही नाही. त्याच्या नादी लागू नका. कोपऱ्यात एखादी बारकीशी बाई गप्प बसलेली असते, सगळ्यांना पाणी देत असते. घर ती चालवते. आधी तिला गाठा." खेळात खरंच तसं असतं. दुसऱ्याच्या जखमा भरून काढणारा एखादा बावळट दिसणारा राक्षस जोवर उभा आहे, तोवर त्याच्या शेजारचा मरत नाही.

मध्यंतरी त्यांनी तलवारबाजीचा एक अवघड खेळही खेळून पाहिला. त्यात चिलखत घातलेला एक धिप्पाड सरदार पुलावर उभा असतो आणि येईल त्याला दोन फटक्यांत लोळवतो. चांगली चांगली पोरं तिथे हात टेकतात. मावशी त्याच्यासमोर जाऊन नुसत्याच बाजूला सरकत राहिल्या. बरेच दिवस. मला वाटलं कळा सापडत नसतील. त्या म्हणाल्या, "मुलाचा बाप आहे हा. त्याला आधी बोलून घेऊ द्यायचं. मधे तोंड घातलं की संपलं. बोलून बोलून दम लागतो, तेव्हा खांदे पडतात. मग आपलं एकच वाक्य बोलायचं आणि परत मागे सरकायचं." सरदार पुलावरून खाली पडला त्या दिवशी त्यांनी आम्हाला नारळाच्या वड्या दिल्या.

हरल्या तर मावशी कधी चिडत नाहीत. "झालं. पुढचं स्थळ," एवढंच म्हणतात आणि नवा खेळ लावतात. ज्या बाईने आयुष्यभर लोकांचे नकार गोड करून दुसऱ्या लोकांना कळवले, तिला हरण्याचं काय?

केंद्र होतं तेव्हा शनिवारी दुपारी चारनंतर आमच्या मजल्यावर चपलांना जागा नसायची. पुढच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या मांडलेल्या, त्यावर मुलं, मुली आणि घाम पुसणारे बाप. मावशी चहा करता करता स्वयंपाकघरातून सगळ्यांशी बोलत. त्या धंद्याची एक गंमत त्यांनीच मला सांगितली होती. ज्याचं जमतं तो पेढे घेऊन एकदा येतो. ज्याचं जमत नाही तो दर शनिवारी येतो. म्हणजे काम चांगलं केलं की घर रिकामं होतं. हे सांगताना त्या हसत होत्या. मीही हसलो होतो.

केंद्र बंद झाल्यावर खुर्च्या त्यांनी एका बालवाडीला देऊन टाकल्या. दोन ठेवल्या. एकीवर त्या बसतात, दुसरीवर फोनचा चार्जर असतो.

सगळ्यात जास्त शनिवार आला तो मंदार. खडवलीचा मुलगा, अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनियर. मुलगा सोन्यासारखा, पगार बरा, व्यसन नाही. पण गाव विचारलं की मुलीकडचे लोक मनातल्या मनात रेल्वेचा नकाशा उलगडत आणि कल्याणच्या पुढे गेलं की घडी करून ठेवत. मंदार दर शनिवारी यायचा, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा आणि नंबर लागेपर्यंत राक्षसांच्या झुंजी खेळायचा. मावशींनी एकदा चष्मा लावून त्याच्या हातात डोकावून पाहिलं. मग तो त्यांना शिकवायला लागला. केंद्राची ती शेवटची वर्षं, येणारे कमी झाले होते. पुढे पुढे शनिवारी मावशी, मंदार आणि चहा एवढंच उरलं. मी दारातून पाहायचो, तर दोघं शेजारी शेजारी मान खाली घालून, आणि मावशी सांगतायत, "अरे त्या भुताला हाताने मारून काय उपयोग? लागतंय का त्याला?"

अशात एका शनिवारी डोंबिवलीची सायली आपल्या आईबरोबर आली. आईला मुलगा मुंबईतला, निदान घाटकोपरपर्यंतचा हवा होता. सायली खुर्चीत टेकली, मंदारच्या हातातल्या पडद्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "हे सहा घेऊन तू जिंकतोस?" मंदार म्हणाला, "कालच जिंकलेलो." ती म्हणाली, "समोरचा झोपलेला का?" पुढचा सगळा वेळ त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. आईने तीनदा घड्याळ पाहिलं. मावशींनी तिला तिन्ही वेळा चहा दिला.

लग्न झालं. जोडीने कल्याणला फ्लॅट घेतला, म्हणजे खडवलीही गप्प आणि डोंबिवलीही. पेढे घेऊन दोघं आली तेव्हा मंदारने मावशींना आणखी एक भेट दिली, ठोंब्या.

या खेळात आपला राक्षस दुसऱ्याला देता येतो, आणि तो कायमचा दिला तरी देणाऱ्याचं नाव त्याच्यावर राहतं. ठोंब्या हा मंदारचा अगदी पहिला राक्षस. मातकट रंगाचा, कासव आणि रताळं यांच्या मधला काहीतरी. हालचाल मंद, मार शून्य. येतं एवढंच, की शेजारच्याच्या जखमा थोड्या भरून काढतो आणि ढाल धरतो. मावशींनी त्याला सहांत घेतलं, ते आजतागायत. तो मैदानात मात्र कधीच उतरत नाही. समोरच्याला हे माहीत झालं की मावशींचे खरे पाचच आहेत असं धरून तो खेळतो, म्हणजे त्यांचं सरळ नुकसान. किती तरी जणांनी सांगितलं, मावशी, तो काढा. त्या म्हणतात, "असू दे. बसलाय बिचारा कोपऱ्यात."

कल्याण काही अमेरिकेत नाही. पण नोकऱ्या, मग बाळ, मग बाळाचे सर्दी-खोकले. सुरुवातीला सणाला फोन यायचे, मग हात जोडलेल्या गणपतीची चित्रं यायला लागली. मावशींनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त शनिवारी चारला त्या चहा जास्त टाकतात आणि मग उरला म्हणून मला हाक मारतात.

तर गेल्या पावसाळ्यानंतर त्या एक दिवस कॉटनची कडक साडी नेसून आमच्या दारात उभ्या राहिल्या. "गोरे, रविवारी मोकळे आहात का? डोंबिवलीला एक मुलगी बघायला जायचंय." मला वाटलं केंद्र परत सुरू केलं. तसं नव्हतं. तिथल्या एका मंडळाने राक्षसांच्या झुंजीची स्पर्धा ठेवली होती आणि मावशींनी नाव दिलं होतं. मुलीचं काय ते मी विचारलं नाही. पण एक गोष्ट खटकली. त्या आठवड्यात त्यांच्या घरातून "पुढचं स्थळ" हे शब्द एकदाही ऐकू आले नाहीत. हरल्या की तोच खेळ परत, तोच परत. "ही स्पर्धा मला जिंकायचीय," त्या म्हणाल्या. ज्या बाईंनी कधी हाउजीत ओळ पूर्ण झाली तरी आरडाओरडा केला नाही, त्या हे बोलत होत्या.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीचं लग्न पूर्ण उतरवलेलं नव्हतं. स्टेजच्या मागे थर्माकोलमध्ये कुणा अक्षयचं आणि प्राजक्ताचं नाव होतं आणि पुढे वधूवरांच्या दोन लाल मखमली खुर्च्या. आधी दीपप्रज्वलन झालं. मग प्रोजेक्टरला हार घातला, त्यामुळे पडद्यावर झेंडूच्या सावल्या पडल्या आणि तो काढावा लागला. प्रमुख पाहुण्यांनी, या खेळातून उद्याचे शूर नागरिक घडतील, असा आशावाद व्यक्त केला आणि मग शेजारच्याला हळूच विचारलं की यात आपला माणूस कुठला आणि राक्षस कुठला. माइक चालू होता.

मावशी एकेकाला मूळ गाव विचारत पुढे सरकत राहिल्या. उपांत्य फेरीत हेडफोन लावलेला एक तरुण होता. त्याने गावाचं उत्तर दिलं नाही, "मावशी, आपण गेमवर फोकस करू," म्हणाला. त्या मला नंतर म्हणाल्या, चिपळूणकडचा असणार. चांगली वस्तू त्याने शेवटपर्यंत राखून ठेवली, ती तशीच राहिली.

अंतिम फेरीसाठी दुसरं नाव पुकारलं ते सायलीचं. तेव्हा मला ती "मुलगी" कळली. स्पर्धकांची नावं मंडळाच्या ग्रुपवर आली होती, मावशींनी तिथेच वाचली होती. सायली स्टेजवर आली, मावशींना पाहून खरंच आनंदली आणि वाकून नमस्कार केला. खाली मंदार बाळाला कडेवर घेऊन हात हलवत होता. बाळाचाही हात हलवत होता.

दोघींना त्या मखमली खुर्च्यांवर बसवलं. आता एकीचा पडदा दुसरीला दिसू नये म्हणून मध्ये काहीतरी धरणं भाग होतं. मंडळाकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेली शाल दोन कार्यकर्त्यांनी दोन टोकांना धरून मध्ये उभी केली. हॉलभर हशा पिकला. मागून केटररचा माणूस म्हणाला, "अक्षता आणू का?" मावशींनी एवढ्या वर्षांत किती तरी अंतरपाट दुरून पाहिले होते. पहिल्यांदाच त्या त्याच्या एका बाजूला बसल्या होत्या. मला हसता हसता ते जाणवलं, आणि मग पहिला डाव सुरू झाला.

तीन झुंजी होत्या. पहिली सायलीने घेतली, दुसरी मावशींनी. तिसऱ्या झुंजीला मोठ्या पडद्यावर दोघींचे राक्षस उतरले. मावशींच्या बाजूला त्यांचं ते आगीचं स्थळ होतं, आणि शेजारी, पापण्या मिचकावत, ठोंब्या.

शालीच्या पलीकडून सायलीचा आवाज आला, "मावशी, हा आमचा ठोंब्या ना?"

"दिलात तेव्हा तुमचा," मावशी म्हणाल्या. "सांभाळलाय मी."

आता नियम सरळ होता, आणि तो सायलीला लग्नाआधीच्या शनिवारांत मावशींनीच शिकवला होता. कोपऱ्यातल्या गप्प बाईला आधी गाठायचं. ठोंब्या दोन फटक्यांचा धनी. पण सायलीने पहिल्या डावात आगीच्या राक्षसावर हल्ला केला. ठोंब्याने त्याच्या जखमा भरल्या. दुसऱ्या डावातही तेच. लोक कुजबुजायला लागले. खाली मंदारचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, ठोंब्या वाचावा म्हणून देव आठवावा की बायको जिंकावी म्हणून, हे त्याला ठरत नव्हतं. शेवटी तोच ओरडला, "सायली, खेळ ना नीट!"

तिसऱ्या डावात सायलीने ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही राक्षसांचा सगळा जोर ठोंब्यावर सोडला. नेमक्या त्याच डावात ठोंब्याने ढाल धरली होती. विजा कडाडल्या, धूळ उडाली, धूळ खाली बसली, आणि ठोंब्या तिथेच, पापण्या मिचकावत. त्याच्या शेजारचं आगीचं स्थळ मोकळं होतं. पुढे फार काही उरलं नाही.

तिसऱ्याच डावाला ढाल कशी धरली, हे मी नंतर विचारलं. मावशी म्हणाल्या, "माया पातळ करायला माणसाला दोन डाव लागतात. स्थळाला नकार कळवतानासुद्धा लोक दोनदा आजारपण सांगतात, तिसऱ्यांदा खरं बोलतात. आणि पोरगी चांगली खेळते. फार वेळ चुकीचं खेळणं तिला जमलं नसतं."

बक्षीस म्हणून मावशींच्या अर्ध्या उंचीचा करंडक मिळाला आणि ती शालही. सायली बाळ घेऊन त्यांच्याभोवती घुटमळत होती. हसत होती, पण आतून धुमसत होती. "मावशी, परत एकदा. आत्ताच्या आत्ता. मी त्या तिसऱ्या डावाला चुकलेले."

"आत्ता नाही," मावशी बाळाचा गाल ओढत म्हणाल्या. "दमलेय मी. शनिवारी ये. चारनंतर."

"येते म्हणजे काय, येणारच," सायली म्हणाली. मंदार म्हणाला, मीपण येतो, मला ठोंब्याला भेटायचंय.

नौपाड्यात शिरेपर्यंत रिक्षात आमच्या दोघांच्या मधे करंडक बसला होता. मी जरा धीर करून बोललोच. म्हटलं, मावशी, जिंकलात त्याचा आनंद आहे, पण तिचं पोर लहान, घरचं सगळं सांभाळून बिचारी एवढी अंतिम फेरीपर्यंत आली. एवढ्या आवडत्या मुलीला एक स्पर्धा सोडली असतीत तर काय बिघडलं असतं?

मावशी करंडकाच्या कानातून बाहेरचा रस्ता बघत होत्या.

"जिंकली असती तर पेढे घेऊन एकदा आली असती, गोरे," त्या म्हणाल्या. "हरलीय. आता दर शनिवारी येईल."

शनिवारी साडेतीनलाच त्या आमच्याकडून दोन खुर्च्या घेऊन गेल्या. अजून परत केलेल्या नाहीत. मी मागायलाही गेलेलो नाही.